बावडा सोडून सगळं

नागपूर
१२ जानेवारी २०२४

वहिनी,

फोनवर आपलं दोघींचं काही खरं नाही. नोव्हेंबरात दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी फोन लावला, तू 'वन्सं' एवढंच म्हणालीस आणि पुढं आपण नुसत्या रडलो. परवा संक्रांतीचं विचारायला लावला तर पुन्हा तेच. म्हणून म्हटलं, कागदच बरा. कागदावर माणूस जरा जपून रडतं.

तुझी सून राजनंदिनी मात्र फोनवर मोकळी बोलते. तिनं सांगितलं की तू उंबऱ्याबाहेर पडत नाहीस. दादा कारखान्यातून निवृत्त झाला की तुला काश्मीरला नेणार होता, स्वेटरसुद्धा घेऊन ठेवले होते, हेही तिनंच सांगितलं.

काश्मीर राहू दे. तू कोल्हापूर बघ. हसू नकोस. लग्न होऊन बावड्यात आलीस त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली, पण तू पाहिलंस काय? अंबाबाईला जाताना हातात ओटी आणि येताना भाजीची पिशवी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आता रिकामी हिंड. परगावाहून आलेल्या पाव्हण्यासारखी जा, लोकांना रस्ता विचार, खुळ्यासारखी बघत उभी राहा आणि मग मला लिही.

यात माझा स्वार्थ आहे. प्रसेनजीतशी लग्न केलं त्या दिवसापासून मी ते गाव पाहिलेलं नाही. आपण मराठा, तो बौद्ध. आई-आबांनी माझं नाव टाकलं ते टाकलंच. दादाचं तसं नव्हतं. तो म्हणायचा म्हणे, 'दार उघडं हाय, तिला कुणी अडवलंय?' आणि मी इकडं म्हणायची, बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. दोघं एका आईची पोरं, एकापेक्षा एक हट्टी. बसलो आपापल्या जागी. आता तो उठून गेला आणि मी बसून राहिले.

मला माझं गाव बघायचंय गं. तुझ्या डोळ्यांनी तरी दाखव.

तुझी
संयोगिता


कसबा बावडा
३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा पोस्टमनलाच नवल. म्हणाला, "मावशी, बँकेचं न्हाय हे. कुणीतरी हातानं लिवलंय की!" त्यालाही आत काय आहे ते ऐकायचं होतं, पण मी काही सांगितलं नाही.

आठवडाभर मी मनाशी नाही नाही म्हणत होते. परवा राजनंदिनीनं माझ्या चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि मी त्या आणायला बाहेर आले तशी आतून कडी लावली. मग जाते कुठं? केएमटीची बस धरली आणि रंकाळ्यावर गेले.

वन्सं, एक गंमत सांगते. मी आजवर कोल्हापूर पाहिलं ते ह्यांच्या स्कूटरवर मागं एका अंगाला बसून. म्हणजे डावीकडं जे येईल तेवढंच कोल्हापूर मला ठाऊक. उजवीकडं ह्यांची पाठ. रंकाळ्याला आम्ही नेहमी एकाच रस्त्यानं जायचो, त्यामुळं शालिनी पॅलेसच्या बाजूला पाणी असतं एवढं ठाऊक. समोरच्या काठावर काय आहे ते मी कधी मान वळवून बघितलंच नव्हतं. परवा पायी पूर्ण फेरी मारली. संध्यामठ केवढा सुंदर आहे हो! कुणी सांगितलंच नाही.

भेळेच्या गाड्यावर तुमची अट पाळली. तो म्हणाला, "कुठनं आलाय, पावणं?" मी ठोकून दिलं, "नागपूरहून."

"नागपूर? मग तिखट हात सैल सोडून टाकतो. तुमची जीभ सावजी खाऊन मेलेली असणार."

मी ती तिखट भेळ खाईपर्यंत त्यानं मला रंकाळ्याची अख्खी गोष्ट सांगितली. निम्मी त्याची स्वतःची असावी. मी माना डोलावल्या. आपण दोघी एकदा तुमच्या कॉलेजच्या नावाखाली इथं आलो होतो आणि आमच्या सासूबाई आक्कांना कळू नये म्हणून घरी जाण्याआधी कांद्याच्या वासावर बडीशेप चघळत बसलो होतो, ते आठवलं. हसू आलं, मग लगेच दुसरंही आलं.

तिकडच्या सगळ्यांना नमस्कार.

वर्षाराणी


नागपूर
१५ फेब्रुवारी

वहिनी,

नागपूरकर म्हणून मिरवलीस आणि सावजीची नालस्ती ऐकून घेतलीस! प्रसेनजीतनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं आणि त्या भेळवाल्यावर केस घालायची म्हणतोय. निवृत्त बँकवाल्यांना दुसरं काम नसतं.

डाव्या बाजूचं ऐकून मात्र तो केस विसरला. मग म्हणाला, "तुमच्या वहिनी लिहितात फार छान." म्हटलं, ती कायमच छान होती, घरात कुणाचं लक्ष नव्हतं.

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी अजून उभ्या असतात का? दादा मला सायकलच्या नळीवर बसवून तिथं न्यायचा. समोर धार काढून ग्लास हातात. त्याला मिसरूड फुटत होतं तेव्हाची गोष्ट, फेस लागला की तो आरशात बघायला पळायचा. हे बघून ये. आणि ऊस संपायच्या आत बिद्रीला जा. दादा तिथल्या कारखान्यात उमेदवारीला होता, रविवारी मी आणि आई डबा घेऊन जायचो. मला त्या रस्त्याचा फार आठव येतो.

संयोगिता


कसबा बावडा
११ मार्च

वन्सं,

म्हशी आहेत. कट्टा तसाच आहे, ग्लास तेवढे काचेचे राहिले नाहीत. मी प्याले आणि ओठ न पुसता दुकानाच्या आरशात बघितलं. तुमच्या दादांसाठी.

बिद्रीला काल गेले. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत अर्ध्याहून जास्त बायकाच असतात आणि सगळ्या एकदम बोलतात. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाचं लगीन? म्हटलं, लग्न नाही, कारखाना बघायला चाललेय. तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि मग हळूच सरकून मला खिडकी दिली.

गेटवरचा वॉचमन तरुण होता. "कुणाकडं जायचंय?"

"कुणाकडं नाही. कारखाना बघायला आले."

"कारखाना काय बघायचा, मावशी? आमाला रोज बघून वैताग आलाय."

पिकतं तिथं विकत नाही, ते असं. मी म्हटलं, आमचे मालक इथं उमेदवारीला होते, लग्नाआधी. त्यानं विचारलं, आता कुठं असतात? मी पदर कपाळापर्यंत ओढला. तो समजला. आत सोडायचा हुकूम नव्हता, पण त्यानं केबिनमधली खुर्ची बाहेर आणली, लिंबाच्या सावलीत ठेवली आणि म्हणाला, "हितनं दिसतंय सगळं. बसा निवांत."

बसले. ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, पोरं पडलेली उसाची कांडकी पळवत होती, आणि तो मळीचा वास. माझं लग्न झालं तेव्हा ह्यांच्या कपड्यांना हाच वास यायचा. इथून बावड्याच्या कारखान्यात आले तरी वास तोच राहिला. मला नवी नवरी असताना मळमळायचं त्यानं, कपडे दोनदा पिळून काढायची मी. काल तो वास छातीभर घेतला. एवढ्यात शिफ्टचा भोंगा झाला आणि गेटमधून माणसं बाहेर पडायला लागली, डबे हलवत, शर्ट खोचत. त्यातल्या प्रत्येकाकडं मी बघितलं.

मला ते पाहिजेत, वन्सं. बाकी काही नको. पण हे मी घरात बसून कुणाला म्हणू शकले नव्हते, ते त्या खुर्चीवर म्हणता आलं. म्हणून तुमचे उपकार.

वर्षाराणी


नागपूर
२ एप्रिल

वहिनी,

उपकार वगैरे लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तू ज्या माणसांकडं बघितलंस, त्यांच्यात मीही त्याला शोधला. एवढंच लिहिते. जास्त लिहिलं तर फोनसारखं होईल.

इथं ऊन मी म्हणतंय. तूही आता घरात थांब. पाऊस नीट लागला की शाहूवाडीला जा, आमच्या आजोळी. भाताची लावण चाललेली असेल. झुंबरमामी अजून आहे असं ऐकते. ती आईची भावजय, आणि आमच्या खानदानात खरं बोलणारी एकटी बाई.

संयोगिता


कसबा बावडा
१८ जुलै

वन्सं,

तुमच्या आजोळी जाऊन आले. मलकापूरच्या पुढं धुकं एवढं की कंडक्टर दारात उभा राहून ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. मी पाव्हण्यासारखी बघायची अट विसरूनच गेले, पोरीसारखी बघत बसले. काश्मीर याहून वेगळं काय असेल?

बांधावर उभी राहिले तर लावण करणाऱ्या बायका ओरडल्या, "पावणं, नुसतं काय बघताय? उतरा की!" साडी खोचून उतरले चिखलात. आम्ही उसाकडची माणसं, मला काय येतंय! एकजण म्हणाली, "बावडंवाली कांडी पुरल्यागत रोप पुरती गं!" आणि अख्खं शेत हसलं. संध्याकाळी कंबर धरली होती, पण मला फार छान वाटत होतं. किती महिन्यांनी मला कुणी तरी हसलं होतं.

झुंबरमामी आहेत. ऐकू कमी येतं, आवाज खणखणीत. त्यांनी तुमची आठवण काढली. बाकी विशेष बोलणं झालं नाही.

वर्षाराणी


नागपूर
९ ऑगस्ट

वहिनी,

टीव्हीवर पंचगंगेचं पाणी बघून जीव उडाला होता. तुझ्या ऋतुराजला फोन केला, तो म्हणाला पाणी आपल्यापासून लांब आहे आणि आई भजी तळतेय. तेव्हा जिवात जीव आला.

आता एकच जागा राहिली. बावडा. आपली गल्ली. आपल्याच दारासमोर पाव्हण्यासारखी उभी राहा आणि काय दिसतं ते लिही. घर नवीन बांधलं असं ऐकलं. परड्यातला शेवगा ठेवलाय का? मधल्या खोलीची खिडकी अजून त्याच बाजूला आहे का? मी झोपायचे ती जागा कुणाची झाली? सगळं लिही. मी वाट बघते.

संयोगिता


नागपूर
३ ऑक्टोबर

वहिनी,

दीड महिन्यावर झाला, उत्तर नाही. राजनंदिनीला विचारलं, तू खुशाल आहेस. मग मला जे कळायचं ते कळलं.

तू मला रंकाळा दाखवलास, बिद्री दाखवलीस, पार शाहूवाडीपर्यंत नेलंस. बावडा सोडून सगळं. सगळी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. एकातही 'या' असा शब्द नाही. प्रसेनजीतचं नावसुद्धा नाही, तो 'तिकडच्या सगळ्यांत' बसवलेला. तुझी पत्रं सर्वांत जास्त आवडीनं तोच ऐकतो, म्हणून जास्त लागलं.

मला वाटायचं आडकाठी आई-आबांची होती, फार तर दादाच्या हट्टाची. ती माणसं गेली तरी आडकाठी घरात राहिली असेल तर तुझा दोष नाही, घरच तसं. पण आता गावं दाखवणं पुरे. बाहेरून किती बघायचं?

संयोगिता


कसबा बावडा
८ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मला राग आला. तुमच्यावर राग यायची ही पहिलीच वेळ, म्हणून लिहायला दोन दिवस घेतले.

तुम्ही सांगितलं तशी मी आपल्या दारासमोर जाऊन उभी राहिले होते. एकदा नाही, पुष्कळदा. समोरची यल्लव्वा विचारायला लागली, "वर्षाक्का, किल्ली हरवली काय?" मग घरात येऊन कागद घ्यायची आणि पहिल्याच ओळीला अडायची. कारण घराचं लिहायचं तर पहिली ओळ एकच सुचत होती: घरी या.

ती मी लिहू? तुम्ही त्या घरात जन्मलात. मी माप ओलांडून आलेली. घरच्या लेकीला 'तुमच्या घरी या' म्हणणारी मी कोण? आक्का म्हणाल्या असत्या, हे म्हणाले असते, तर ते शोभलं असतं. मला वाटायचं, मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बघा, माझ्याच घराचं आवतण मला देते, नवरा गेल्यावर मालकीण झाली. म्हणून मी तुमच्या तोंडून 'येते' ऐकायची वाट बघत बसले होते. जानेवारीपासून.

आणि 'तिकडचे' म्हणण्यात आढ्यता नव्हती. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. दाजी म्हणायचं तर त्यांना या घरात कुणी कधी पाटावर बसवलेलं नाही. ते झाल्याशिवाय नुसतं तोंडानं दाजी म्हणायची मला लाज वाटायची.

अजून एक. तुम्ही कधी विचारलं नाही, पण विचारायचं तुमच्या मनात असणार. हे जाताना तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत. कुणाबद्दलच बोलले नाहीत. दळण आणायला निघाले होते, पायरीवर बसले आणि संपलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मला काहीतरी रचून सांगता आलं असतं. तुमच्याशी तसं करवत नाही.

शाहूवाडीचंही मी पुरतं लिहिलं नव्हतं. झुंबरमामींनी मला मांडीशी बसवून विचारलं, "संयोगीला आणाय कोण गेलतं काय कवा?"

म्हटलं, "न्हाय."

"मग ती येणार कशी? लेक काय आपल्या पायानं माहेरला येती व्हय? मुराळी धाडाय लागतोय. तुजा अमरसिंह दार उघडं टाकून बसला. दार उघडं बघून कुत्रं आत येतंय, लेक न्हाय येत."

एवढं बोलून त्या भाकरीकडं वळल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. मुराळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी आणायला जाणारा भाऊ, हे मला लहानपणापासून ठाऊक. तुमच्याकडं कुणी कधी आलंच नाही, हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता लिहिते. घरी या.

वर्षाराणी


नागपूर
१४ ऑक्टोबर

अगं खुळे,

मी हसू की रडू? मी जन्मले त्या घरात तेवढंच. वीस-बावीस वर्षं राहिले आणि निघाले. तू तिथं माझ्यापेक्षा किती जास्त नांदलीस! आई-आबा नाहीत, दादा नाही. माझं माहेर म्हणून आता कुणी उरलं असेल तर ती तू आहेस. आणि तूच दाराआड उभी राहून माझ्या 'येते'ची वाट बघत होतीस. आपण दोघीही त्याच घरात तयार झालो, दुसरं काय म्हणू.

दादाचं जे खरं ते लिहिलंस, बरं केलंस. वाचून रात्रभर वाईट वाटलं, पण तू रचून लिहिलं असतंस तर मला कळलं असतं.

आता मीही खरं लिहिते. इतकी वर्षं 'बोलवा मग येते' म्हणत होते. तू बोलावलंस आणि आता मला भीती वाटते. डोकं पांढरं झालेली बाई भाऊ नसलेल्या घरी कशी जाईल? गल्लीत कोण काय म्हणेल याची भीती नाही, तेवढी मी निबर आहे. दादा दारात नसेल याची भीती वाटते. स्टेशनवर उतरले तर तिथून पाय उचलेल असं वाटत नाही. प्रसेनजीत म्हणतो, मी सोडायला येतो. म्हटलं, तू बरोबर असलास तर तुझ्यासोबतच मागं फिरेन.

तेव्हा राहू दे. तू म्हणालीस, मला पोचलं. बावड्याचं तेवढं पत्र लिही, त्यावर मी भागवीन.

संयोगिता


कसबा बावडा
१९ ऑक्टोबर

वन्सं,

बावड्याचं पत्र मी लिहिणार नाही. ते गाव पत्रातून बघायचं नाही.

काल ऋतुराजला म्हटलं, नागपूरचं तिकीट काढ. तो म्हणाला, "आत्याला आणायचं व्हय? गाडी काढतो की, दोघं जाऊया." म्हटलं, दोघं नको, मी एकटी. त्यानं आ वासला. बिद्रीच्या पुढं एकटी कधी गेलीस, विचारतो. मी म्हटलं, शाहूवाडीला गेलते की, आणि तिथं धुकंही होतं. राजनंदिनी हसायला लागली आणि तिनंच मोबाइलवर तिकीट काढलं. महाराष्ट्र एक्सप्रेस, पंचवीस तारीख. दुपारी इथून सुटते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्याकडं. खिडकीची जागा मिळालीय. दोन्ही बाजू बघत येणार आहे.

यल्लव्वा म्हणाली, बाई कधी मुराळी जाती काय? म्हटलं, भाऊ असता तर भाऊ गेला असता. तो नाही, म्हणून भावजय चालली. कुणाला रीतीत बसत नसेल तर त्यानं दिवाळीला आमच्याकडं फराळाला येऊ नये. ती येणार म्हणाली.

वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. मी तुम्हाला त्याच्यासाठी नेत नाही. त्याआधी दिवाळी आहे, तिला नेते. या घरात तुमच्यानंतर कुणी पहाटे किल्ल्यावर मावळे मांडताना भांडलेलं नाही. दाजींनाही न्यायचंय. त्यांना सांगा, पाट मी मांडणार आणि वाढणारही मीच. ते बरोबर असले की तुम्ही मागं फिराल म्हणता, तर दोघांच्या मधे मी बसेन.

पाय उचलणार नाही म्हणालात. माझाही इतके महिने उंबऱ्याबाहेर उचलत नव्हता. तुम्हीच उचलायला लावलात. स्टेशनवर उतरल्यावर मी हात धरीन, मग बघू कसा उचलत नाही तो. दारात ते नसतील, हे खरं आहे. मी रोज त्या दारातून आत जाते, मला ठाऊक आहे कसं वाटतं. दोघी मिळून जाऊ.

मला स्टेशनवर घ्यायला येऊ नका, रस्ता विचारत येईन. पोचले की चहा तेवढा द्या, पण जेवणाचा घाट घालू नका आणि राहा राहा म्हणून आग्रह करू नका. मी राहायला येत नाही. न्यायला येते.

वर्षाराणी